हातात मावणारा गायगर काउंटर: किरणोत्सार शिकू पाहणाऱ्यांनी घ्यावा का?

गेल्या काही वर्षांत मोबाइलपेक्षा थोडे जाड असे गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजणारी यंत्रे, ऑनलाइन बाजारात काही हजार रुपयांत मिळू लागली आहेत. निरनिराळ्या नावांनी विकली जाणारी ही यंत्रे आतून बरीचशी सारखीच असतात. बोटापेक्षा थोडी लांब काचेची नळी, तिला सुमारे ४०० व्होल्टचा दाब पुरवणारे छोटे मंडल, एक पडदा, एक बझर आणि यूएसबीवर चार्ज होणारी बॅटरी एवढाच सगळा संसार. मी वापरतो ते यंत्रही याच जातीचे आहे, त्यामुळे हे परीक्षण एखाद्या कंपनीचे नसून या प्रकारच्या यंत्राचे आहे. माझे मत आधीच सांगतो. अणूंचा क्षय मोजायला आणि समजून घ्यायला या किमतीत यापेक्षा चांगले साधन मला माहीत नाही. मात्र एखादी जागा किंवा वस्तू सुरक्षित आहे की नाही हे ठरवण्यासाठी कोणी ते घेणार असेल, तर त्याने घेऊ नये. विक्रेते जाहिरात करतात ती नेमकी या दुसऱ्या उपयोगाची, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहावेसे वाटले.

यंत्र सुरू करताच ते टक्-टक् असा आवाज करू लागते. जवळ कोणताही किरणोत्सारी पदार्थ नसतानाही हा आवाज येतो, आणि नव्याने घेणारे बहुतेक जण इथेच दचकतात. हे ठोके आपल्या अवतीभवती कायम असणाऱ्या पार्श्वभूमी किरणोत्साराचे असतात. त्यांतले काही अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे पडतात, काही भिंती, फरशी आणि जमिनीतल्या युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियममुळे, तर थोडे खुद्द नळीच्या काचेतल्या अंशांमुळे. या आकाराच्या नळीवर मिनिटाला साधारण पंधरा ते वीस ठोके पडणे अगदी नेहमीचे आहे. ठोक्यांना लय नसते. पत्र्यावर पडणाऱ्या पहिल्या पावसाच्या थेंबांसारखे ते कधी दोन-तीन लागोपाठ येतात, तर कधी सात-आठ सेकंद काहीच येत नाही. यंत्र बिघडलेले नसते. किरणोत्साराचा मूळ स्वभावच असा अनियमित आहे आणि तो कानांनी ऐकता येणे ही या यंत्राची सर्वांत मोलाची देणगी आहे.

एका ठोक्यामागे काय घडते ते पाहू. अणूच्या केंद्रात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एकत्र बांधलेले असतात. काही समस्थानिकांमध्ये, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या न्यूट्रॉनांची संख्या वेगळी असलेल्या काही प्रकारांमध्ये, ही बांधणी अस्थिर असते, आणि असे अणुकेंद्रक केव्हातरी आपोआप बदलते. यालाच क्षय म्हणतात. बदलताना ते अल्फा कण म्हणजे दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉनांचा गट बाहेर टाकते, किंवा बीटा कण म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन. उरलेली ऊर्जा पुष्कळदा गॅमा किरणांच्या रूपाने बाहेर पडते. असा कण नळीत शिरला की आतल्या विरळ वायूच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात, विद्युतदाबामुळे ते नळीच्या मधल्या तारेकडे धावतात, धावता धावता आणखी इलेक्ट्रॉन सोडवतात आणि क्षणार्धात मोजण्याजोगा विद्युतस्पंद तयार होतो. हान्स गायगर आणि वाल्टर म्यूलर यांनी १९२८ मध्ये या नळीला आजचे रूप दिले. त्यापूर्वी भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन यांना अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून पडद्यावरचे अल्फा कणांचे ठिपके एक-एक करून मोजावे लागत. ते काम आज खिशातले यंत्र करते, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

मोजणी म्हणजे काय हे मात्र यंत्र स्वतः समजावून देत नाही, आणि सोबतची पुस्तिकाही देत नाही. एका मिनिटात १८ ठोके पडले आणि पुढच्या मिनिटात २३, तर किरणोत्सार वाढला असे समजणे चूक आहे. स्वैरपणे घडणाऱ्या घटना मोजल्या की मोजणीत साधारण तिच्या वर्गमुळाएवढा चढउतार येतोच. १८ ठोक्यांत सुमारे ४ चा फरक केव्हाही पडू शकतो, म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा. तासभर मोजून १,०८० ठोके जमवले, तर अपेक्षित फरक ३३ चा, म्हणजे तीन टक्क्यांचा. दहा हजार ठोके जमले की फरक एका टक्क्यावर येतो. त्यामुळे पडद्यावर दर सेकंदाला उड्या मारणाऱ्या आकड्याकडे पाहत बसण्यापेक्षा यंत्र एका जागी ठेवून द्यावे, तासाभराने एकूण ठोके वाचावेत आणि मिनिटांनी भागावेत. ज्यांना एवढा धीर धरवत नाही, त्यांना या यंत्रापासून काही मिळणार नाही असे मी स्पष्टपणे सांगेन. आपले यंत्र नोंदी साठवून ठेवते आणि त्या संगणकावर घेता येतात, ही सोय म्हणून फार महत्त्वाची आहे. माझ्या यंत्राचे सॉफ्टवेअर दिसायला जुनाट आहे, पण नोंदींची साधी फाइल देते आणि तिच्यावरून कोणत्याही तक्ता-प्रणालीत (स्प्रेडशीटमध्ये) आलेख काढता येतो.

पहिला प्रयोग पोटॅशचा करावा. शेतात वापरतात ते म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजेच लाल किंवा पांढरे पोटॅश, पोटॅशियम क्लोराइड असते. निसर्गातल्या पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंमागे एखादाच अणू पोटॅशियम-४० या किरणोत्सारी समस्थानिकाचा असतो. एवढ्याशा अंशामुळेही एक ग्रॅम पोटॅशियममध्ये दर सेकंदाला सुमारे ३१ अणू क्षय पावतात. एका सेकंदाला एक क्षय या मापाला बेकेरेल म्हणतात. युरेनियमच्या क्षारातून अदृश्य किरण बाहेर पडतात हे १८९६ मध्ये शोधणाऱ्या आंरी बेकेरेल यांचे हे नाव. पावशेर पोटॅशमध्ये साधारण १२५ ग्रॅम पोटॅशियम असते, तेव्हा त्यात सुमारे ३,९०० बेकेरेल भरतात. ते पातळ प्लास्टिकच्या पिशवीत भरून त्यावर नळीची बाजू टेकवली आणि अर्धा तास मोजले, तर ठोके पार्श्वभूमीच्या दीडपटीच्या आसपास जातात. हे ऐकून खताला घाबरण्याचे कारण नाही, कारण सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या शरीरातही सुमारे १४० ग्रॅम पोटॅशियम असते, म्हणजे त्या पिशवीपेक्षा थोडे अधिकच. आपल्या स्वतःच्या शरीरात दर सेकंदाला चार हजारांहून अधिक अणू क्षय पावत असतात आणि हे माणूस पृथ्वीवर आल्यापासून चालू आहे.

पोटॅशियम-४० बद्दल थोडे जास्त लिहायला हवे, कारण क्षयाची कल्पना त्याच्याइतकी स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. त्याचे अर्धायुष्य १२५ कोटी वर्षे आहे, म्हणजे एवढ्या काळात असलेल्या अणूंपैकी निम्मे क्षय पावतात, पुढच्या तितक्याच काळात उरलेल्यांचे निम्मे. पृथ्वी घडली तेव्हा होते त्याच्या बाराव्या हिश्शाएवढे पोटॅशियम-४० आज शिल्लक आहे. आपल्या पिशवीतला एखादा अणू साडेचारशे कोटी वर्षे टिकला म्हणून तो थकलेला नसतो. पुढच्या सेकंदाला त्याचा क्षय होण्याची शक्यता जेवढी पहिल्या दिवशी होती तेवढीच आजही असते. अणूला वय नसते, हे वाक्य मी पुस्तकांत अनेकदा वाचले होते, पण ते खरोखर पटले ते तासभराच्या नोंदींचा आलेख पाहिल्यावर. क्षय पावणाऱ्या दर दहा अणूंपैकी नऊ कॅल्शियम होतात आणि एक आरगॉन. हवेत जो सुमारे एक टक्का आरगॉन आहे, तो जवळजवळ सगळा याच वाटेने आलेला आहे. खडकात अडकलेला हा आरगॉन मोजून खडकाचे वय काढता येते, आणि सह्याद्रीचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे हे याच पद्धतीने ठरले आहे.

दुसरा प्रयोग गॅसबत्तीच्या मेंटलचा, म्हणजे बत्तीत तापून प्रकाश देणाऱ्या जाळीदार पिशवीचा. पेट्रोमॅक्सच्या जुन्या मेंटलमध्ये थोरियम असे, कारण थोरियम ऑक्साइड तापल्यावर प्रखर पांढरा प्रकाश देते. हल्ली काही मेंटल थोरियमविरहित असतात, त्यामुळे आणलेले मेंटल कोणते हे काउंटरच सांगतो. थोरियमचे असेल तर पाकीट नळीजवळ नेताच टक्-टक् ऐवजी सलग करकर ऐकू येते आणि मोजणी मिनिटाला काहीशेवर जाते. मेंटल आणि नळी यांच्यामध्ये कागद ठेवला तर काही फरक पडत नाही, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कागदाने अल्फा कण अडतात, पण ते काचेच्या नळीत मुळात शिरतच नाहीत. त्यांच्यासाठी अभ्रकाची अतिशय पातळ खिडकी असलेली महाग नळी लागते. त्याच जागी स्टीलचे ताट धरले तर मोजणी एकदम कोसळते, कारण बीटा कण त्यात अडकतात. तरीही ती पार्श्वभूमीपर्यंत खाली येत नाही. उरलेले ठोके गॅमा किरणांचे असतात, आणि त्यांना थोपवायला शिशाची जाड वीट लागेल. कागद, धातूचा पत्रा आणि शिसे हे पाठ्यपुस्तकातले चित्र स्वयंपाकघरातल्या ताटाने दोन-तृतीयांश तरी खरे करून पाहता येते. मेंटल बंद पाकिटातच ठेवावे आणि जाळू नये. जळाल्यावर त्याची राख फार ठिसूळ होते, आणि थोरियमची धूळ श्वासावाटे फुप्फुसांत जाणे ही काळजी करण्यासारखी गोष्ट आहे.

थोरियम-२३२ चे अर्धायुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षांचे, पोटॅशियमचे १२५ कोटींचे, मग अर्धायुष्य घरी मोजायचे कसे? यासाठी रेडॉन उपयोगी पडतो आणि माझ्या मते या यंत्राचे पैसे वसूल होतात ते इथेच. जमिनीतल्या युरेनियम-२३८ ची क्षयमालिका चौदा पायऱ्या उतरून शेवटी स्थिर शिशापाशी थांबते. या पायऱ्यांच्या मध्ये रेडॉन-२२२ हा वायू लागतो, आणि वायू असल्याने तो जमिनीतून व भिंतींतून सुटून खोलीतल्या हवेत येतो. त्याचे अर्धायुष्य ३.८ दिवसांचे. त्याच्यापासून झालेले शिसे-२१४ आणि बिस्मथ-२१४ हे घन पदार्थ हवेतल्या धुळीला चिकटतात, आणि त्यांची अर्धायुष्ये अनुक्रमे सुमारे २७ आणि २० मिनिटांची आहेत. तळमजल्यावरच्या बंद खोलीत फुगा लोकरीवर घासून तासभर टांगून ठेवावा. विद्युतभारामुळे ही धूळ फुग्यावर ओढली जाते. मग फुग्यातली हवा काढून त्याचे रबर नळीवर टेकवले की मोजणी स्पष्टपणे वर गेलेली दिसते आणि मग ती आपल्या डोळ्यांदेखत उतरू लागते. दर दहा मिनिटांची नोंद घेऊन, त्यातून पार्श्वभूमी वजा करून आलेख काढला तर ती अर्ध्या ते पाऊण तासात निम्मी होताना दिसते. एकाच अर्धायुष्याची साफ वक्ररेषा मात्र येत नाही. शिसे-२१४ पासून बिस्मथ-२१४ सतत तयार होत असते आणि दोघांचे बीटा कण एकत्रच मोजले जातात, त्यामुळे सुरुवातीला उतार थोडा मंद असतो. विद्यार्थ्याने हा मंद उतार स्वतः हेरला आणि त्याचे कारण विचारले, तर क्षयमालिका त्याला समजली असे समजावे.

पावसाळ्यात दमट हवेमुळे फुग्यावर भार टिकत नाही. तेव्हा पावसाचाच उपयोग करावा. पाऊस हवेतली हीच धूळ खाली आणतो, म्हणून वळवाची जोरदार सर येऊन गेल्याबरोबर गाडीचे टप टिश्यू पेपरने पुसून, तो कागद पिशवीत घालून नळीजवळ ठेवावा. ठोके वाढलेले दिसतात आणि तासाभरात ओसरूही लागतात. गाडी झाकलेली नसावी आणि सर नुकतीच पडलेली असावी, एवढीच अट.

आता यंत्राच्या उणिवांकडे येतो. सर्वांत मोठी उणीव म्हणजे पडद्यावर मोठ्या अक्षरांत झळकणारा मायक्रोसिव्हर्टचा आकडा. नळी फक्त ठोके मोजते. आलेला कण किती ऊर्जेचा होता, तो बीटा होता की गॅमा, यांपैकी तिला काहीच कळत नाही, कारण प्रत्येक कणापासून तयार होणारा स्पंद सारखाच असतो. सिव्हर्ट हे शरीराला मिळालेल्या मात्रेचे माप आहे, आणि ते ठोक्यांवरून काढण्यासाठी यंत्रात एक ठरावीक गुणक बसवलेला असतो: या प्रकारच्या नळीसाठी मिनिटाला सुमारे १५० ठोके म्हणजे ताशी एक मायक्रोसिव्हर्ट. हा गुणक सीझियम-१३७ सारख्या गॅमा स्रोतासाठी ढोबळमानाने लागू पडतो. मेंटलजवळ पडणारे बहुतेक ठोके बीटाचे असल्याने तिथे तोच गुणक लावून आलेला आकडा भलताच फुगलेला असतो. उलट घरातल्या हवेतल्या रेडॉनमुळे फुप्फुसांना मिळणारी मात्रा या आकड्यात जवळजवळ येतच नाही, कारण ती मुख्यतः अल्फा कणांची असते. जगात माणसाला नैसर्गिक स्रोतांपासून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते आणि तिच्यातला निम्म्याच्या जवळपास वाटा एकट्या रेडॉनचा व त्याच्या वंशजांचा आहे. म्हणजे मात्रेचा सर्वांत मोठा घटक या यंत्राला दिसतच नाही. असे असताना पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘सुरक्षित’ असे दाखवणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. सेटिंगमध्ये जाऊन पडदा ठोक्यांवर, म्हणजे सीपीएमवर (मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांवर) लावता येतो; यंत्र हातात येताच पहिले काम हेच करावे.

धोक्याचा भोंगा कारखान्यातून इतक्या खालच्या पातळीवर लावून येतो की मेंटल जवळ नेताच तो वाजतो आणि लहान मुले घाबरतात. तो बंद करता येतो, पण कसा हे पुस्तिकेत शोधावे लागते. पुस्तिका फक्त इंग्रजीत आणि तीही तुटक वाक्यांत आहे. नळी काचेची असून तिच्याभोवती मऊ आवरण नाही, त्यामुळे यंत्र पडले तर नळी फुटणार. अतितीव्र किरणोत्सारात काही स्वस्त नळ्या गुदमरून उलट कमी आकडा दाखवतात, हेही विकत घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. बॅटरी मात्र चांगली आहे आणि रात्रभराची मोजणी विनातक्रार होते.

लोक ज्या वस्तू तपासून पाहतात त्यांच्याबद्दल थोडक्यात. एका केळ्यात सुमारे १५ बेकेरेल असतात आणि ते या नळीवर दिसत नाहीत. दिसले असे सांगणाऱ्याने बहुधा पुरेसा वेळ मोजलेले नसते. गाडीवर लावतात त्या ‘रेडियम’च्या पट्ट्यांत रेडियम नसते, त्यामुळे तिथे पार्श्वभूमीच मिळते. स्वयंपाकाच्या ओट्याचा ग्रॅनाइट मात्र निराश करत नाही. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम हे तिन्ही आपल्याकडच्या बेसॉल्टपेक्षा जास्त असतात, म्हणून ओट्यावर आणि अंगणातल्या काळ्या दगडावर प्रत्येकी तासभर मोजले तर फरक उघड दिसतो. केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट या थोरियमयुक्त खनिजाच्या वाळूत हा फरक कितीतरी पटींनी मोठा असतो.

यंत्र आवडल्यावर खरा किरणोत्सारी स्रोत मिळवण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. अशा स्रोतांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण आहे आणि त्याला सबळ कारण आहे. २०१० मध्ये दिल्लीतल्या मायापुरी भागात एका विद्यापीठाचे वापरात नसलेले कोबाल्ट-६० चे उपकरण भंगारात विकले गेले, ते कामगारांनी उघडले आणि त्यांच्यातला एक जण दगावला. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षांचे. नाशिक जिल्ह्यात लासलगावला कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून हाच कोबाल्ट जाड भिंतींआड वर्षानुवर्षे सुरक्षितपणे वापरला जातो. भंगारात अनोळखी शिशाची जड पेटी किंवा किरणोत्साराच्या धोक्याचे त्रिदल चिन्ह असलेली वस्तू दिसली, तर आपला काउंटर घेऊन जवळ जाऊ नये. लांब व्हावे आणि पोलिसांना कळवावे.

कनिष्ठ महाविद्यालये, विज्ञान मंडळे आणि आठवी-नववीपुढची मुले असलेल्या जिज्ञासू घरांनी हे यंत्र अवश्य घ्यावे. दोन-तीन शाळांनी मिळून एक घेतले तरी पुरते, कारण प्रयोग रोज करायचे नसतात. मोबाइल टॉवर, मायक्रोवेव्ह किंवा वायफाय तपासण्यासाठी ज्यांना ते हवे आहे, त्यांनी पैसे वाचवावेत. त्या लहरी वायूतून इलेक्ट्रॉन सोडवू शकत नाहीत आणि ही नळी त्यांना ओळखतच नाही. खरेदी करताना विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात: आत कोणती नळी आहे, पडदा नुसते ठोके दाखवू शकतो का, आणि नोंदी संगणकावर घेता येतात का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असेल, तर यंत्र कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये, कारण त्याच्यावर फुग्याचा प्रयोग करायचा म्हणजे दोन तास वही-पेन्सिल घेऊन समोर बसून राहावे लागते, आणि रात्रभराची पार्श्वभूमी मोजणे तर अशक्यच होते.